झाडीतल्या माथ्यावर सर्वेचा दगड शोधायचाय? सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० शीट कितपत कामाची

झाडीनं झाकलेल्या डोंगरमाथ्यावर सर्वेचा जुना दगड शोधायला निघालात तर सोबत काय न्यावं, याचं आमचं उत्तर ठरलेलं आहे: सर्व्हे ऑफ इंडियाची ५० हजार प्रमाणाची ओपन सिरीज शीट, आणि तीही कागदावर छापलेली. मोबाइल लागतोच, पण त्याचा नंबर दुसरा. उपग्रहचित्रात झाडांचे शेंडे दिसतात, त्याखाली सोंड आहे की घळ ते कळत नाही. बहुतेक मोबाइल ॲपमधल्या उंचीच्या रेषा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या रडारला दाट रानात जमिनीऐवजी झाडोऱ्याचाच अडथळा जास्त लागला, म्हणून अशा माथ्यांची उंची काही मीटर चढी येते आणि टोकदार माथा बोथट दिसतो. सर्वेच्या खुणेच्या जागी शीटवर त्रिकोण छापलेला असतो, त्याशेजारचा उंचीचा आकडा मात्र प्रत्यक्ष कोन मोजून काढलेला असतो. पाचपैकी चार गुण. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

आधी शोधायचं काय आहे ते नीट समजून घ्या. विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा (त्रिकोणाची जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली पहिली बाजू) मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. १८२३ मध्ये तो वारला तो आपल्या हिंगणघाटला, त्याची कबर तिथेच आहे. या कामासाठी एका माथ्यावरून दुसरा माथा दिसणं भाग होतं, म्हणून मोजणीवाले माथ्यावरची आणि नजरेच्या रेषेतली झाडं तोडून घेत. आज तिथे रान परत वाढलंय. ज्या जागेवरून चहूबाजूंचे डोंगर दिसायचे तिथून आता दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि दगड पालापाचोळ्याखाली गेलाय. खूण म्हणजे कातळावर किंवा पुरलेल्या दगडावर कोरलेलं एक वर्तुळ आणि मधोमध बिंदू. महत्त्वाच्या ठिकाणी चुन्यातला खांब, भोवती दगडी चौथरा, आणि वरच्या खुणेच्या बरोबर खाली जमिनीत दुसरी खूण, म्हणजे वरची उखडली तरी जागा हरवू नये. खूण राखायला दगडांची रास रचून ठेवायचीही पद्धत होती.

आता शीट. २००५ च्या नकाशा धोरणानं दोन मालिका वेगळ्या केल्या, संरक्षण खात्यासाठी डिफेन्स सिरीज आणि सर्वसामान्यांसाठी ओपन सिरीज. २०१७ मध्ये खात्याला २५० वर्षं झाली तेव्हा ओपन सिरीजच्या शीट फुकट उतरवून घ्यायची सोय झाली. आता सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी केली की पीडीएफ मिळते. एक घोटाळा टाळा: ट्रेकिंगवाल्यांत ‘ओएसएम’ म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपही असतं आणि ओपन सिरीज मॅपही. कुणी ‘ओएसएमवर वाट आहे’ म्हणालं की कुठल्या, ते विचारून घ्या. पहिल्यावर वाट कुणीतरी चालून किंवा उपग्रहचित्र बघून टाकलेली असते, दुसऱ्यावर ती सर्वेक्षणाच्या वर्षी होती एवढंच कळतं.

क्रमांकाचं गणित पाठ करून ठेवण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीत ७२ ते ७६ पूर्व रेखांश आणि १६ ते २० उत्तर अक्षांश या चौकोनाला ४७ हा आकडा. त्याचे एक-एक अंशाचे १६ भाग, ए ते पी. प्रत्येक भागाचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ तुकडे, आणि ते वायव्य कोपऱ्यापासून वरून खाली मोजायचे. म्हणजे १, २, ३, ४ हे डावीकडच्या उभ्या रांगेत, ५ पुन्हा वर. पुणे शहर ४७ एफ/१४. ओपन सिरीजमध्ये तेच ई४३एच१४ होतं: शेवटचा आकडा तोच, पण मधलं अक्षर बदलतं, कारण नव्या पद्धतीत अक्षरं आडव्या रांगेत लावलीत आणि चौकोन ६ अंश रुंद आहे. भीमाशंकर जुन्या पद्धतीत ४७ ई/१२, नव्या पद्धतीत ई४३बी१२. उतरवण्याआधी आपला डोंगर शीटच्या कडेला येतो का ते बघा. माथेरान गाव वायव्येच्या कोपऱ्याजवळच पडतं, उत्तरेची कड तिथून दीड-दोन किलोमीटरवर आणि पश्चिमेची तेवढ्याच अंतरावर. अशा डोंगराला शेजारच्या शीटही घ्याव्याच लागतात, नाहीतर नेमकी चढायची सोंड कागदाबाहेर राहते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या छपाईत. एक शीट जमिनीवरचा साधारण २७.७ गुणिले २६.४ किलोमीटरचा तुकडा दाखवते. खऱ्या मापात नुसता नकाशाच सुमारे ५५ गुणिले ५३ सेंटीमीटर होतो, समासातली माहिती वेगळी. दुकानदारानं ‘फिट टू पेज’ करून ए-३ वर काढून दिला की प्रमाण मोडलं, त्यावर पट्टी लावून काढलेलं प्रत्येक अंतर चुकणार. छपाई ‘ॲक्च्युअल साइज’ सांगा आणि दुकानातच पट्टी लावून बघा: एक किलोमीटर बरोबर २ सेंटीमीटर आला पाहिजे. पूर्ण शीट परवडत नसेल तर आपल्या डोंगराभोवतीचा १० गुणिले १४ किलोमीटरचा तुकडा ए-४ वर मावतो, पण मग खालची चिन्हांची सूची, सर्वेक्षणाचं वर्ष आणि चुंबकीय फरकाची आकृती दुसऱ्या कागदावर छापून घ्या. इंकजेटची शाई घामानं पसरते. लेझर प्रिंट काढा आणि झिपच्या पिशवीत ठेवा, लॅमिनेशन नको, कारण त्यावर पेन्सिल चालत नाही.

आता चिन्हं. त्रिकोण आणि शेजारी आकडा म्हणजे त्रिकोणमितीय स्थानक, आपला दगड असतो तो इथे. नुसता ठिपका आणि आकडा म्हणजे फक्त मोजलेली उंची, तिथे खूण असायलाच हवी असं नाही. ‘बीएम’ म्हणजे बेंचमार्क, उंची नेमकी मोजून केलेली कायमची खूण, तो बहुधा रस्त्याकडेला, पुलावर किंवा सरकारी इमारतीच्या जोत्यावर असतो, माथ्यावर नव्हे. आकड्यापुढे बारीक ‘आर’ असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसून भोवतालच्या जमिनीपासूनची आहे, १२ आर म्हणजे १२ मीटर उंच कडा किंवा बांध. ठिपक्याला त्रिकोण समजून माथ्यावर दोन तास दगड हुडकत बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

त्रिकोणाची मर्यादाही लक्षात ठेवा. या प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. छापलेला त्रिकोण दोन मिलिमीटरचा धरला तर तो एकटाच शंभर मीटर जागा व्यापतो. खूण त्याच्या मधल्या बिंदूवर मानायची, पण तो बिंदू वाचतानाही अर्धा मिलिमीटर, म्हणजे २५ मीटर, इकडेतिकडे होणारच. मोकळ्या पठारावर २५ मीटर काहीच नाहीत. कारवीच्या दाट झुडपांत तेवढ्यात दगड पायाजवळ असूनही दिसत नाही.

अक्षांश-रेखांश काढायचे असतील तर शीटवरच्या ५ मिनिटांच्या रेषांचा आधार घ्या. आपल्याकडे अक्षांशाचं एक मिनिट कागदावर सुमारे ३.७ सेंटीमीटर भरतं, एक मिलिमीटर म्हणजे साधारण १.६ सेकंद. काढलेला आकडा मोबाइलमध्ये घालताना पद्धत तपासा. १९ अंश ४ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १९.०७५०. घाईत १९.०४३० लिहिलंत तर साडेतीन किलोमीटर दक्षिणेला, कदाचित दुसऱ्याच डोंगरावर जाल.

जुन्या ४७ मालिकेच्या स्कॅन केलेल्या शीट अजून खूप जणांच्या मोबाइलमध्ये फिरतायत. त्या एव्हरेस्ट दीर्घगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर बेतलेल्या आहेत, जीपीएस आणि ओपन सिरीज डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच जीपीएसमध्ये घातले तर सह्याद्रीच्या पट्ट्यात जागा शंभर ते दीडशे मीटर सरकते. बोडक्या डोंगरावर हे खपून जातं, झाडीत चुकीच्या सोंडेवर घेऊन जातं. स्कॅन केलेली शीट संगणकावर अक्षांश-रेखांशांशी जोडणार असाल तर सह्याद्रीसाठी यूटीएमचा (पृथ्वीचे ६ अंशांचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) पट्टा ४३ उत्तर, ७८ रेखांशाच्या पूर्वेला म्हणजे नागपूर, गोंदिया, गडचिरोलीकडे ४४.

उंची ताडून बघतानाही एक खोच आहे. शीटवरची उंची समुद्रसपाटीपासूनची, जीपीएसची मूळ उंची गणिती दीर्घगोलापासूनची. महाराष्ट्रात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग त्या दीर्घगोलाच्या साधारण ६० ते ७० मीटर खाली आहे. ॲपमध्ये ही दुरुस्ती चालू नसेल तर माथ्यावर उभं राहूनही मोबाइल ६०-७० मीटर कमी उंची दाखवतो आणि माणूस ‘अजून वर जायचंय’ म्हणून पुढच्या टेकाडाकडे निघतो. पायथ्याला उंची माहीत असलेल्या ठिकाणी, शीटवरच्या ठिपक्यावर किंवा बेंचमार्कवर, आधीच तपासून घ्या.

या शीटचा खरा कस लागतो तो कंटूरमध्ये, म्हणजे समान उंचीच्या रेषांमध्ये, आणि आमचे चार गुण मुख्यतः त्यांचेच आहेत. रेषा २० मीटरच्या अंतराने, दर पाचवी ठळक, म्हणजे १०० मीटरची. दोन ठळक रेषांमध्ये २ मिलिमीटर अंतर असेल तर १०० मीटर आडव्या चालीत १०० मीटर चढ, ४५ अंश. त्याहून दाट झाल्या की तिथे हात टेकावे लागणार, आणि रेषा एकमेकींना चिकटल्या किंवा कड्याचं चिन्ह आलं की ती बाजू सोडा. व्हीच्या आकाराचं टोक माथ्याकडे असेल तर घळ, उताराकडे असेल तर सोंड. जंगलात नेहमी सोंडेनं चढा. घळीत वेली, सुटे दगड आणि आगीमोहळं, शिवाय वर अनेकदा कोरड्या धबधब्याचा कातळ आडवा येतो. आपल्या डोंगरांना मध्येच एक पदर असतो, कड्याखालचा जंगलाचा टप्पा. शीटवर तिथे रेषा अचानक विरळ होतात आणि मग पुन्हा दाटतात. वाट बहुधा पदरावरून आडवी जात नाळेशी किंवा खिंडीशी पोचते. त्या विरळ पट्ट्याला पेन्सिलीनं खूण करून ठेवा, झाडीत तोच एक टप्पा पायाला निश्चित कळतो.

जिथे कमी पडते ते असं. २० मीटरच्या रेषांमध्ये १५ मीटरचा उंचवटा पूर्ण हरवू शकतो. शीटवर एक लांबट वर्तुळ दिसतं आणि जाग्यावर तीन टेकाडं निघतात. दुसरं म्हणजे खूण नेहमी सगळ्यात उंच टेकाडावरच असेल असं नाही. मोजणीवाल्यांना शेजारच्या स्थानकांची नजर हवी होती, त्यासाठी ते माथ्याच्या कडेची जागाही घेत. म्हणून वर्तुळाच्या मध्यावर न जाता त्रिकोण ज्या कडेला आहे ती कड पकडा. तिसरं, पायवाटा. सर्वेक्षणाचं वर्ष शीटवर छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय तुटक रेषेवर विसंबू नका. वाडी उठली की वाट मोडते, धरण झालं की बुडते, आणि ढोरं जायची बंद झाली की दोन पावसाळ्यांत कारवी तिला गिळते. हा एक गुण आम्ही इथे कापलाय. जंगलाचे शेरेही (‘डेन्स मिक्स्ड जंगल’, ‘ओपन स्क्रब’) त्याच वर्षाचे समजा.

वेळेचा अंदाज साधा ठेवा: ५ किलोमीटरला एक तास, वर ६०० मीटर चढाला आणखी एक. वाट नसेल आणि कारवी असेल तर बेरीज दुप्पट करा. कारवी डोक्यावरून जाते आणि सात वर्षांनी फुलून वाळली की तिच्या काठ्या कुंपणासारख्या आडव्या पडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा, पण अंगभर कपडे हवेत: मोज्यात कुसळं, आणि वाळल्या शेंगांची खाजकुइली. खाजेवर पाणी ओतून चोळू नका, चिकटपट्टीनं लव उचला. दोडामार्ग-सावंतवाडीकडे किंवा गोव्यात सत्तरीकडे जात असाल तर तिथे माकडतापाची (गोचिडीतून पसरणाऱ्या तापाची) नोंद आहे. गोचीड पायावर चढते, मेलेल्या माकडाच्या जवळपास थांबू नका, कीटकरोधक तेल लावा, परतल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि कपडे धुणं त्याच दिवशी. अभयारण्यात वाट सोडून चालायला वनखात्याची परवानगी लागते, आणि वाडीतला वाटाड्या घेणंच शहाणपणाचं. त्याला ‘ट्रायंग्युलेशन स्टेशन’ कळणार नाही, ‘सर्वेचा दगड’ किंवा ‘मोजणीचा दगड’ म्हणा.

होकायंत्र जरूर घ्या. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, तेव्हा दुरुस्तीची कटकट नाही. पण आपला कातळ बेसाल्टचा, त्यात लोहखनिज भरपूर. वीज पडलेल्या माथ्यावर सुई चांगलीच भरकटते. दगडावर ठेवून वाचू नका, छातीशी धरा, आणि दहा पावलं सरकून पुन्हा वाचा. दोन आकडे जुळले तरच विश्वास ठेवा.

माथ्यावर पोचल्यावर घाईनं भटकू नका. झाडीखाली मोबाइलची चूक १० ते २० मीटर सहज असते. फोन एका जागी दहा मिनिटं ठेवून सरासरी घ्या, तिथल्या झाडाला रंगीत फीत बांधा आणि तिच्याभोवती चौकोनी फेऱ्या मारा, प्रत्येक फेरी आधीच्याहून तीन-चार मीटर बाहेर. कोरीव खूण शोधू नका, आधी माणसानं रचलेलं काहीतरी शोधा: सरळ कड, काटकोन, एकाच मापाचे दगड, चुन्याचा पांढुरका तुकडा. रास दिसली तर हातानं उचकटू नका. कोकणाच्या बाजूला अशा दगडांखाली फुरसं असतं, इंचू तर सगळीकडेच. काठीनं पाला बाजूला करा. दगडावर शेवाळ असेल तर सुरीनं खरवडू नका, थोडं पाणी टाका आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरून प्रकाश टाकला तर दगड सपाट दिसतो. आडव्या प्रकाशात मात्र आधी एक बारीक काळी कमान उमटते, टॉर्च फिरवला की ती पुढे सरकत वर्तुळ पुरं होतं आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी सावली बसते. तोच बिंदू.

फसवणारे दगड तीन. वनखात्याचे हद्दीचे बुरूज ओळीनं असतात आणि त्यांवर क्रमांक असतो, एक सापडला की सोंडेवर पुढे दुसरा दिसतोच. महसुली हद्दीचे दगड बहुधा गावांच्या शिवेवर. तिसरा म्हणजे देवाचा: उंचावरच्या वेगळ्या दिसणाऱ्या दगडाला शेंदूर लागतो, आणि कधी तो दगड मोजणीचाच असतो. तिथे चपला काढा, शेंदूर पुसून वर्तुळ बघायचा मोह आवरा. जागा जुळली, चौथरा जुळला, एवढं पुरेसं आहे. दगड हलवणं, त्यावर नाव लिहिणं, रास मोडून स्वतःची रचणं, यातलं काहीही नको. खूण जाग्यावर आहे म्हणूनच ती खूण आहे.

निघण्याआधी शीट पुन्हा उघडा आणि उतरायच्या सोंडेची दिशा होकायंत्रावर लावून घ्या, हे काम दगडाशेजारी उभं राहूनच करा. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडे येतात, म्हणून चुकलं तरी माणूस वरच पोचतो. उतरताना त्या फाटतात. पहिल्या दोनशे मीटरमध्ये वीस अंश चुकलात तर पायथ्याला दुसऱ्या खोऱ्यात निघाल. शीटवर पहिला फाटा कुठल्या उंचीवर आहे ते बघा, तेवढी उंची मोबाइलवर आली की थांबा, दिशा पुन्हा घ्या. माथ्यावरच्या झाडाला बांधलेली फीत सोडून खिशात घाला आणि मगच उतरायला लागा.